कर्नलसाहेबांच्या पाठीला चिमटे

अमेरिकी लष्कराच्या एखाद्या मोठ्या छावणीत २०२०च्या आधी फोटो स्टुडिओपाशी गेलात, तर बाहेरच्या पॅसेजमध्ये एक गंमत दिसायची. खुर्च्या रिकाम्या आणि माणसं ताटकळत उभी. भिंतीलाही कोणी टेकायचं नाही. हातात हँगर, हँगरवर गडद निळा कोट, पँट मात्र अंगात. बसलं की गुडघ्यामागे चुण्या पडणार, आणि फोटो निघणार तो डोक्यापासून बुटांपर्यंत. म्हणून मेजर उभे, सार्जंट उभे, आणि एखादे कर्नलसाहेब आले तर तेही उभे. थोडी मुरलेली मंडळी म्हणे व्यायामाच्या चड्डीतच यायची आणि आत नंबर लागला की मगच पँट चढवायची.

या फोटोला सगळे ‘डीए फोटो’ म्हणत. डीए म्हणजे डिपार्टमेंट ऑफ द आर्मी. आपल्याकडे, विशेषतः सातारा-सांगलीच्या पट्ट्यात, वर्दीतला फोटो घराच्या भिंतीसाठी असतो. देवघराच्या शेजारी, आजोबांच्या तसबिरीखाली त्याची जागा ठरलेली. डीए फोटो मात्र कोणाच्या आईने भिंतीवर लावल्याचं ऐकिवात नाही. मागे साधा पडदा, झेंडा नाही, टोपी नाही, ओठांवर हसू नाही. झेंड्यासमोर बसून काढलेला रुबाबदार फोटो वेगळा, तो ऑफिसातल्या भिंतीवरच्या अधिकाऱ्यांच्या रांगेत लागायचा. हा दुसरा फोटो बढतीच्या बोर्डासाठी होता. ज्याचा फोटो, त्याला कधीही न भेटलेली काही वरिष्ठ माणसं तो बघणार, आणि तेही काही सेकंद.

एवढा आटापिटा कशासाठी, हे कळायला अमेरिकी अधिकाऱ्याच्या नोकरीचं गणित थोडं समजून घ्यावं लागतं. तिथे ‘वर चढा, नाहीतर बाहेर पडा’ असा रोकडा व्यवहार आहे. १९८० सालच्या एका कायद्याने तो पक्का केला. कॅप्टनचा मेजर होताना साधारण ८० टक्के, मेजरचा लेफ्टनंट कर्नल होताना ७० टक्के आणि पुढे कर्नल होताना ५० टक्के अधिकारी निवडले जावेत, असं ढोबळ प्रमाण ठरलं. मेजरच्या बढतीत दोनदा नाव वगळलं गेलं, तर बहुतेकांना घरचा रस्ता धरावा लागतो. त्यामुळे ज्याने इराकमध्ये दोन फेऱ्या काढल्या, रात्रीच्या गस्ती केल्या, माणसं सांभाळली, तोच गडी आपल्या कॉलरवरची पितळी अक्षरं एका बाजूला किंचित खाली तर नाहीत ना, म्हणून घाम पुसत उभा असायचा.

बोर्ड बसतं केंटकी राज्यातल्या फोर्ट नॉक्सला. जिथे सोन्याचा सरकारी साठा आहे, ते हेच ठिकाण. पूर्वी अधिकाऱ्यांची बोर्डं वॉशिंग्टनजवळ अलेक्झांड्रियाला आणि वरच्या दर्जाच्या सार्जंटांची इंडियानापोलिसजवळ बसत. सदस्यांना शपथ दिली जाते, आणि एकमेकांशी चर्चा न करता प्रत्येकाने प्रत्येक फायलीला स्वतंत्र गुण द्यायचे असतात. १ ते ६ या पट्टीवर, त्यातही अधिक-उणे. हजारो फायली असल्या की एकेका माणसाच्या वाट्याला मिनिटं येतात ती मोजकीच. तेवढ्यात वरिष्ठांचे गोपनीय अहवाल वाचायचे, सेवेचा एकपानी गोषवारा बघायचा आणि फोटोही बघायचा. पण डोळा पहिल्यांदा कुठे जाणार हे सांगायला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

जुन्या काळी तर फोटोचं वजन आणखी होतं. १९८०च्या दशकात सैनिकाची सगळी सेवापत्रिका मायक्रोफिशवर असायची. मायक्रोफिश म्हणजे हाताएवढी फिल्म आणि तिच्यावर नखाएवढी पानं. सदस्य ती यंत्राच्या भिंगाखाली सरकवत, मान मोडून वाचत. टपालाने आलेला कागदी फोटो मात्र फोल्डरमध्ये तसाच उघडा. वीस वर्षांची नोकरी भिंगाखाली आणि माणूस तेवढा समोर. पुढे सगळं संगणकावर आलं, दोन-तीन पडदे शेजारी शेजारी आले, तरी फोटोची जागा पहिलीच राहिली.

आता स्टुडिओच्या आत जाऊ, कारण खरी मजा तिथे आहे.

या खोलीत हुद्द्यांची उतरंड उलटी व्हायची. फोटोग्राफर बहुतेक ठिकाणी नागरी कर्मचारी. बाहेर ज्यांच्यापुढे शेकडो माणसं सावधानमध्ये उभी राहायची, त्यांना हा माणूस “पोट आत”, “हनुवटी खाली”, “हाताच्या मुठी नीट” असं सांगत फिरवायचा, आणि साहेब निमूट फिरायचे. चांगल्या फोटोग्राफरच्या खिशात तीन गोष्टी असायच्या: कपड्यावरची लव काढायचा चिकट रोलर, लहान पट्टी, आणि कागदाचे गठ्ठे धरायला वापरतात ते काळे चिमटे. नियमानुसार फोटोत नंतर काहीही फेरफार करायला बंदी होती. संगणकावर एक धागासुद्धा पुसायचा नाही. म्हणजे जे काही सुधारायचं, ते बटण दाबण्याआधी, माणसाच्या अंगावरच.

चिमट्यांचं काम पाठीमागे. तयार शिवलेला कोट कोणाला नेमका बसतो? कमरेत ढगळ, खांद्यात तंग. फोटोग्राफर मागे जाऊन कोटाचं जादा कापड गोळा करायचा आणि चार-पाच चिमटे लावून टाकायचा. समोरून बघाल तर लंडनच्या शिंप्याने माप घेऊन शिवलेला कोट, मागून बघाल तर वाळत घातलेलं धुणं. सैनिकांत हसत हसत सांगितला जाणारा किस्सा असा, की फोटो झाल्यावर कोणी साहेब घाईत तसेच बैठकीला गेले. कुठल्या छावणीत, कोण साहेब, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. तेव्हा खरंखोटं तो कोटच जाणे. पण चिमटे मात्र शंभर टक्के खरे.

पट्टीचं काम छातीवर. पुरुषांच्या कोटाला डाव्या छातीवर खिसा असतो. पदकांच्या रंगीत फितींची रांग त्या खिशाच्या वर एक अष्टमांश इंच अंतरावर हवी. एक अष्टमांश इंच म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. फितींच्या वर पायदळाचा किंवा पॅराशूटचा बिल्ला असेल तर त्याचं अंतर पाव इंच. अधिकाऱ्याच्या कॉलरवरची ‘यू.एस.’ अक्षरं खाचेपासून पाच अष्टमांश इंच वर आणि शाखेचं चिन्ह त्याखाली सव्वा इंचावर. बाहीवर वेगळा हिशेब: डाव्या बाहीवर सैनिकाच्या दर तीन वर्षांच्या सेवेला एक तिरकी पट्टी, उजव्या बाहीवर युद्धक्षेत्रातल्या दर सहा महिन्यांना एक आडवी. म्हणजे माहीतगार माणसाला नुसत्या बाह्या बघून कळतं, की हा किती जुना आणि किती काळ घराबाहेर होता.

बायकांच्या कोटाला छातीवर खिसेच नव्हते. त्यामुळे पुरुषांना जी सरळ रेघ आयती मिळायची, ती बायकांना हवेत आखावी लागायची. नियम सांगायचा की नावाची पट्टी वरच्या बटणाच्या एक ते दोन इंच वर, आणि फितींची खालची कड तिच्या रेषेत. शरीराच्या ठेवणीप्रमाणे थोडं वरखाली चालेल. आता ‘थोडं’ म्हणजे किती, हे आरशासमोर एकटीने कसं ठरवायचं? मान खाली घालून बघावं तर कोट हलतो, सरळ उभं राहावं तर दिसत नाही. एखादी मैत्रीण हातात पट्टी घेऊन समोर लागायचीच.

शूटिंग झालं की काम संपलं असं नाही. पडद्यावर दोन-चार फोटो मोठे करून बघायचे, एक निवडायचा, मग तो सरकारी प्रणालीत जायचा आणि सैनिकाने स्वतः मान्य केला की फायलीत बसायचा. शहाणी माणसं मान्य करण्याआधी तो आपल्या सार्जंट मेजरला दाखवत. सार्जंट मेजर म्हणजे पलटणीतली सगळ्यात जुनी, सगळ्यात खडूस आणि सगळ्यात उपयोगी व्यक्ती. तो चष्मा लावून एक मिनिट बघणार आणि म्हणणार, “तिसऱ्या ओळीतली दुसरी फीत उलटी लागलीय.” झालं. पुन्हा वेळ घ्या, पुन्हा हँगर उचला, पुन्हा उभे राहा.

उलटी फीत ही काही चेष्टेची गोष्ट नव्हती. पदकांचा अग्रक्रम ठरलेला असतो आणि सेवेच्या गोषवाऱ्यात त्यांची यादी असते. बोर्डाचा सदस्य दोन्ही शेजारी ठेवून बघणार. कागदावर आहे ते पदक फोटोत नसलं तर निष्काळजी, आणि फोटोत आहे ते कागदावर नसलं तर? तिथे मामला गंभीर होतो.

किती गंभीर, ते अमेरिकी नौदलाने १९९६ साली पाहिलं. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल जेरेमी बूर्डा हे साध्या खलाशापासून चढत चढत त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेले पहिले गृहस्थ. शाळा अर्धवट सोडून, वय खोटं सांगून नौदलात शिरलेले, आणि म्हणून खालच्या माणसांत अतिशय लाडके. व्हिएतनामच्या काळातल्या त्यांच्या दोन फितींवर ‘व्ही’ अक्षराचं छोटं कांस्यचिन्ह असायचं. प्रत्यक्ष लढाईतल्या कामगिरीसाठी ते मिळतं. त्याचा त्यांना हक्क होता का, असा प्रश्न पत्रकारांनी लावून धरला. सुमारे वर्षभरापूर्वीच त्यांनी ती चिन्हं काढून टाकली होती. पण वर्दीवरून काढलेली वस्तू जुन्या फोटोंतून काढता येत नाही. १६ मे १९९६ रोजी त्याच विषयावर न्यूजवीकच्या पत्रकारांशी भेट ठरलेली असताना त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. हक्क होता की नव्हता, यावर पुढेही वाद चालूच राहिला. पाव इंचाच्या चिन्हासाठी एवढं, असं आपल्याला बाहेरून वाटतं. वर्दीतल्या माणसाला ते कधीच तेवढंसं वाटत नाही, हे ध्यानात घेतलं तर त्या पॅसेजमधला घाम समजतो.

फोटो ‘चालू’ ठेवण्याचा तर वेगळाच संसार होता. भूदलात पाच वर्षांहून जुना फोटो चालत नसे. मरीन कोर त्याहून कडक, तिथे बोर्ड बसण्याच्या आधीच्या बारा महिन्यांतला हवा. बढती मिळाली, मोठं पदक मिळालं, की नवा काढा. नियमाच्या पलीकडे अलिखित प्रथा होती: बोर्डाची तारीख जाहीर झाली की फोटो ताजा करायचाच. कारण जुना फोटो दिसला की बोर्डातल्या माणसाच्या मनात एकच शंका यायची, गड्याचं वजन वाढलंय वाटतं! नियमात बसणारा, चार वर्षांपूर्वीचा, बारीक कमरेचा फोटो ठेवून देणं हा सगळ्यात जुना डाव होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता. त्यामुळे ज्याचं वजन मुळीच वाढलेलं नाही, पण कामाच्या गडबडीत फोटो राहून गेला, तोही उगाच जाड ठरायचा. फोटो नसलाच तर फाइल बाद होत नसे. पण पडद्यावरची ती रिकामी चौकट बोलायची. सार्जंटांची बोर्डं संपल्यावर सदस्य आपली निरीक्षणं लिहून प्रसिद्ध करत, आणि त्यात वर्षानुवर्षं त्याच तक्रारी असत: फोटो नाही, फोटो जुना, फिती कागदाशी जुळत नाहीत, कोट अंगाला बसत नाही.

आता हे नियम ज्याच्या डोक्यात आले, त्याच्या डोळ्यांसमोर शांततेच्या काळातली छावणी असणार. कंदाहारला निघालेला माणूस पाठीवरच्या पिशवीत निळा कोट, काळे चकचकीत बूट आणि फितींचा पुठ्ठा घेऊन जात नाही. परत येतो तेव्हा दहा किलोने उतरलेला असतो, कोट खांद्यावरून घसरतो, नवी पदकं कागदावर यायची असतात आणि बोर्ड पुढच्या महिन्यात बसायचं असतं. गरोदर बायकांना सवलत होती. गरोदरपणात आणि त्यानंतर काही काळ फोटोची सक्ती नव्हती. सवलत चांगली, पण बोर्डासमोर जायचं ते जुना फोटो घेऊन किंवा फोटोविना. त्याचं कारण बोर्डाला आपल्या तोंडाने सांगायचं की नाही, हा पेच त्यांच्याच वाट्याला.

मग लोककथा. जिथे नियम छापलेले असतात, तिथेही खरे नियम कोणीतरी कानात सांगतो. मिशी काढ, असं बहुतेकांना सांगितलं जायचं. मिशीला नियमात परवानगी होती, पण बोर्डातल्या एखाद्या जनरलला ती आवडत नसेल तर? चष्मा काढ, डोळ्यांवर उजेड चमकतो. दात दाखवू नकोस, पण रागीटही दिसू नकोस. बायकांना तर कायमचा प्रश्न: स्कर्ट की पँट? दोन्ही चालत होतं, म्हणून तर प्रश्न. स्कर्टमध्ये ‘जुन्या वळणाच्या’ सदस्याला बरं वाटतं म्हणणारी एक फळी, आणि पँटमध्ये सैनिक दिसतो, बाई दिसत नाही म्हणणारी दुसरी. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणूनच सगळे ते पाळत.

मला या साऱ्या प्रकारात खटकते ती गोष्ट इथे आहे. फोटोवरून सैनिकाची शिस्त कळते, असं समर्थन वर्षानुवर्षं केलं गेलं. वर्दी नीट ठेवणारा माणूस जबाबदारीही नीट ठेवेल, हा त्यामागचा विचार, आणि तो अगदीच फोल नाही. पण चिमटे, पट्टी, मिशी, सार्जंट मेजरचा चष्मा हे सगळं बघितल्यावर वाटतं, की फोटोतून जास्त कळायचं ते हे, की या माणसाला सांगणारं कोणी होतं की नव्हतं. ज्याचे वडील फौजेत होते, ज्याच्यावर एखाद्या कर्नलची मर्जी होती, ज्याच्या छावणीत चांगला फोटोग्राफर होता, त्याला बोर्डाच्या आधी सहा महिने फोन यायचा, “अरे, फोटो काढलास का? अमक्याकडे जा, तमक्याकडे जाऊ नकोस.” ज्याला असा फोन येत नसे, तो नियमपुस्तक वाचून, नियमाप्रमाणे, कोट ढगळ ठेवून फोटो काढायचा. दोघांची शिस्त सारखीच असेल, पण पडद्यावर ती सारखी दिसत नसे.

आणि मग चेहऱ्याचा रंग. फोटोत तो झाकता येत नाही. केसांचंही तेच. २०१४ साली लष्कराने केशरचनेचे नवे नियम काढले, तेव्हा काळ्या महिला सैनिकांनी जोरदार आक्षेप घेतला. नैसर्गिक कुरळ्या केसांच्या कित्येक वेण्या आणि पीळ त्यात नियमबाह्य ठरत होते. त्याच वर्षी संरक्षण मंत्र्यांनी त्यातले काही नियम सैल केले, आणि २०१७ साली बारीक जटांसारख्या वेण्यांनाही परवानगी मिळाली. म्हणजे एका वर्षीच्या फोटोतली ‘बेशिस्त’ तीन वर्षांनी शिस्त झाली. ज्यांची नावं मधल्या बोर्डांत मागे राहिली असतील, त्यांना हे कोणी सांगायला गेलं नाही.

लष्कराला हे कळत नव्हतं असं नाही. भूदलाने एक प्रयोग करून पाहिला. त्याच फायली दोन बोर्डांपुढे ठेवल्या, एकाला फोटोसह, दुसऱ्याला फोटोविना. फोटो नसलेल्या बोर्डाचे गुण एकमेकांच्या जास्त जवळ आले आणि प्रत्येक फायलीला वेळही कमी लागला. बायका आणि अल्पसंख्य उमेदवार यांचा निकालही सुधारला. मला यातला मतं जवळ येण्याचा मुद्दा सगळ्यात बोलका वाटतो. बघायची एक वस्तू कमी झाली की वेळ वाचणारच, यात नवल नाही. पण मतं जवळ येणं म्हणजे काय? एकच कोट, एकच चेहरा बघून पाच अनुभवी माणसांना पाच वेगळ्या गोष्टी दिसत होत्या, आणि प्रत्येक जण त्याला ‘पारख’ म्हणत होता.

तरी फोटो गेला तो प्रयोगामुळे लगेच नाही. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला, देश रस्त्यावर आला, आणि महिन्याभरात भूदलाचे सचिव रायन मॅकार्थी यांनी जाहीर केलं की ऑगस्टपासून बोर्डांपुढे फोटो ठेवला जाणार नाही. सेवेच्या गोषवाऱ्यातली वंश आणि लिंगाची नोंदही झाकली जाणार. जुलैत संरक्षण मंत्री मार्क एस्पर यांनी तोच आदेश सगळ्या सैन्यदलांना दिला, मुदत १ सप्टेंबर. वर्षानुवर्षं जी गोष्ट ‘परंपरा’ म्हणून टिकली होती, ती एका उन्हाळ्यात संपली. पॅसेजमधल्या बऱ्याच जणांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काही जुने सार्जंट मेजर मात्र मनापासून हळहळले, आणि त्यांची हळहळ खोटी नव्हती. तरुण सैनिकाच्या छातीवरची फीत सरळ करताना ते त्याला बरंच काही शिकवत असत, ते नियमपुस्तकात नसतं.

गोष्ट इथे संपली असती तर सोपी झाली असती. पण वर्षभराने, ऑगस्ट २०२१ मध्ये, नौदलाच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल जॉन नॉवेल एका जाहीर परिषदेत म्हणाले की फोटो परत आणण्याचा विचार करायला हवा. कारण? नौदलाच्या स्वतःच्या आकड्यांत, फोटो गेल्यावर काही बोर्डांतून निवडल्या गेलेल्यांमधली विविधता घटलेली दिसत होती. सभागृहात किती भुवया उंचावल्या असतील! ज्या कारणासाठी फोटो काढून टाकला, त्याच कारणासाठी तो परत हवा, असं दलातला एक वरिष्ठ अधिकारी उघड म्हणत होता.

याचा उलगडा करायचा तर आणखी चाळीस वर्षं मागे जावं लागतं. १९७७ ते १९८१ या काळात क्लिफर्ड अलेक्झांडर हे भूदलाचे सचिव होते, त्या पदावर बसलेले पहिले कृष्णवर्णीय. ब्रिगेडियर जनरलच्या बढतीची यादी त्यांच्या टेबलावर आली, तेव्हा काळ्या कर्नलांची उपेक्षा झाल्याचं त्यांना दिसलं, आणि ती यादी त्यांनी अडवून धरली. बोर्डाला त्यांनी सांगितलं ते असं: या कर्नलांच्या जुन्या अहवालांत जा, आणि तरुणपणी पूर्वग्रहापोटी कोणी त्यांना कमी गुण दिलेत का ते तपासा. सुधारित यादी आली तेव्हा तिच्यात काळे अधिकारी होते. ही हकीकत अलेक्झांडर यांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे.

त्यांनी बोट ठेवलं ते अहवालांवर, फोटोंवर नाही. लेफ्टनंट असताना पहिला कंपनी कमांडर जे दोन ओळी लिहितो, त्या वीस वर्षं फायलीबरोबर प्रवास करतात. फोटो काढून घेतला तरी त्या ओळी तिथेच असतात. उलट फोटो असताना एखादा जागरूक सदस्य “हा कोण आहे, याच्या वाट्याला काय आलं असेल” असं क्षणभर थांबून म्हणू शकत होता. नॉवेल यांना बहुधा तेवढंच सुचवायचं असावं. मला स्वतःला त्यांचं म्हणणं पुरतं पटत नाही. त्या थांबणाऱ्या सदस्याइतकेच न थांबणारेही बोर्डात असतात. पण त्यांनी आकडे बघून, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता ते बोलून टाकलं, हे आवडलं.

आपल्या लष्करात याचं उत्तर वेगळं काढलं आहे. लेफ्टनंट कर्नलवरून कर्नल होताना जे निवड मंडळ बसतं, त्यापुढे अधिकाऱ्याची ओळखच झाकलेली असते. सदस्यांसमोर येतो तो त्याच्या कामाचा गोषवारा. तक्रारी अर्थात तिथेही आहेत, सैन्य न्यायाधिकरणापर्यंत जातात, आणि त्यांतल्या बऱ्याच वार्षिक गोपनीय अहवालांच्या असतात. कोटाची, मिशीची, चिमट्यांची एकही नसते.

अमेरिकेत मात्र २०२० साली आणखी एक योग जुळून आला. दुसऱ्या महायुद्धातल्या अधिकाऱ्यांच्या वर्दीवर बेतलेली, हिरवट-तपकिरी कोट आणि फिकट पँट असलेली नवी वर्दी भूदलाने त्याच वर्षी वाटायला सुरुवात केली. निळ्या कोटाच्या मानाने ती दिसायला कितीतरी देखणी, आणि कमरेला पट्टा असल्यामुळे अंगासरशी बसणारी. मागून चिमटे लावायची गरजच कमी. ती अंगात घालून बोर्डापुढचा फोटो काढायला त्या वर्षी ऑगस्टपासून कोणालाच उभं राहावं लागलं नाही.